लाखोळी आणि एकच चेतापेशी

भंडाऱ्यात धान कापणीला येतो तेव्हा ओल्या बांधीत लाखोळीचं बी फेकतात. नांगरट नको, वेगळं पाणी नको. इतकी सोयीची ही डाळ, पण 1961 साली तिच्या विक्रीवर बंदी आली. दुष्काळात महिनोन्‌महिने तिच्यावरच पोट भरणाऱ्यांचे पाय ताठरत, आणि ते पुन्हा सैल होत नसत.

1964 साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत राव, अदिगा आणि सरमा यांनी दाण्यातलं विषारी द्रव्य वेगळं काढलं. त्याचं आटोपशीर नाव ओडीएपी. द्रव्य हाती आलं, पण ते शरीरात नेमकं करतं काय? रोगी तपासून हे कळत नाही, कारण पाय ताठरेपर्यंत जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. मेलेल्या ऊतीत उरतात त्या खुणा. चेतापेशी विजेने बोलते, तेव्हा ती जिवंत असतानाच तिची वीज टिपायला हवी, आणि तीही एकेका पेशीची. हजारोंच्या कलकलाटात एकीचं ऐकू येत नाही.

1966 साली वॉटकिन्स, कर्टिस आणि बिस्को यांनी मांजराच्या मेरुरज्जूतल्या पेशींवर हे पाहिलं. काचेच्या नळ्यांचा जुडगा तापवून ताणला की टोक एका पेशीलगत बसेल इतकं बारीक होतं. एका नळीने पेशीचे विजेचे ठोके टिपायचे, शेजारच्या नळीतून किंचित प्रवाह देऊन द्रव्य सोडायचं. ठोका जेमतेम एक सहस्रांश सेकंदाचा. ओडीएपी सुटलं की ठोक्यांची सरबत्ती सुरू होई, ग्लुटामेटने होते तशीच.

खरी गोम इथे आहे. ग्लुटामेट परकं नव्हे. एक पेशी दुसरीला जागवते ती बहुधा त्यानेच. म्हणजे ओडीएपी घराची भिंत फोडून शिरत नाही, घरच्याच निरोप्याचं सोंग घेतं. पेशीची दारं उघडतात, सोडियम आत येतं, ठोका पडतो. थोडा वेळ हे चालेल. पण बांधीला पाणी देणाऱ्या तलावाचं दार कोणी उघडंच ठेवलं तर बांधीतला धान सडणारच. म्हणून प्रमाण महत्त्वाचं. अधूनमधून वरणात पडलेली लाखोळी वेगळी, आणि तीन महिने दोन्ही वेळा तीच, हे वेगळं. दाणे गरम पाण्यात भिजवून ते पाणी ओतून दिलं तर विष बरंच निघून जातं. रतन, प्रतीक या वाणांत ते मुळातच कमी.

मग पायच का जातात, हात का वाचतात? ते मात्र या काचेला विचारून उपयोग नाही. एका पेशीला ना हात, ना पाय.