ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त नाही

दिखाऊ भक्तीवर ख्रिस्ती परंपरेतला सर्वांत कडक आक्षेप खुद्द येशूचाच आहे. चव्हाट्यावरची प्रार्थना, गाजावाजा करून केलेला दानधर्म आणि उपासाने ओढलेला चेहरा मिरवणे या तिन्ही गोष्टी मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात त्याने नाकारल्या. त्याचा रोख परधर्मीयांवर नव्हता. तो आपल्याच नेमधर्म पाळणाऱ्यांवर होता.

महाराष्ट्रात दिखाऊ भक्तीचा हा प्रश्न पंडिता रमाबाईंइतक्या सचोटीने क्वचितच कोणी अंगावर घेतला असेल. दौंड तालुक्यातले केडगाव हे मुलींना आणि बायकांना आसरा देणाऱ्या त्यांच्या मुक्ती मिशनचे ठिकाण. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. १९०७ साली लिहिलेल्या आत्मनिवेदनात मात्र त्यांनी एक अवघड कबुली दिली: बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांना उमगले की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, पण ख्रिस्त अजून सापडलेला नाही. शिकवण पटली होती, विधी झाला होता, तरी अंतःकरण रितेच होते. तोपर्यंत त्यांची कीर्ती दूरवर पसरली होती, म्हणून ही कबुली अधिक मोलाची.

बाह्य खुणांविषयीचा त्यांचा सवाल त्याआधीचा आहे. क्रुसावर लॅटिन अक्षरे कशासाठी, असे त्यांनी वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीन यांना विचारले. जी भाषा आपल्याला कळत नाही तिच्यापेक्षा संस्कृत का नको? त्यांचा शाकाहारही तिथे काहींना जुन्या जातीचा अभिमान वाटला. वस्तुतः इंग्रजी चालीरीती म्हणजे ख्रिस्तनिष्ठा नव्हे, एवढेच त्या सांगत होत्या आणि ते रास्त होते.

तरीही बाहेर दिसते ते सगळे सोंग, असा उलटा निष्कर्ष काढता येत नाही. १९०५ साली मुक्तीत आध्यात्मिक जागृतीची लाट आली. मुली मोठ्याने रडत, पापे कबूल करत, सगळ्या एकाच वेळी प्रार्थना करत. शांत उपासनेची सवय असलेल्यांना हे विचित्र वाटले. रमाबाईंनी मात्र ते दडपले नाही. त्यांतल्या कितीतरी मुली पुढे आसपासच्या खेड्यांत शुभवर्तमान सांगायला जाऊ लागल्या. आवाज केवढा होता यापेक्षा त्यातून काय निपजले, ही कसोटी इथे जास्त खरी ठरते.

बाह्य विधींच्या याच प्रश्नावर ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांची वाट वेगळी होती. १९१७ साली मिशनची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ उभारला आणि बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही त्यात जागा दिली.

भाषा कळली पाहिजे, याच आग्रहातून रमाबाईंनी आयुष्याची शेवटची वर्षे बायबलच्या मराठी भाषांतराला दिली. प्रचलित भाषांतरातली संस्कृतप्रचुर मराठी साध्या बायकांना समजत नव्हती. म्हणून त्या स्वतः हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, मूळ ग्रंथावरून सोप्या मराठीत भाषांतर केले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी मृत्यू येण्यापूर्वी ते पुरे केले. त्याच्या छपाईचे काम केडगावच्या छापखान्यात मुक्तीतल्या बायकांनीच केले.