सक्ती नेमकी कोणावर?

पहिलीपासूनच्या तिसऱ्या भाषेवरून 2025 साली महाराष्ट्रात मोठे रान उठले. एप्रिलच्या शासन निर्णयात हिंदी अनिवार्य होती, 17 जूनच्या निर्णयात 'अनिवार्य' जाऊन 'सर्वसाधारणपणे' आले आणि 29 जूनला दोन्ही निर्णय मागे घेतले गेले. जल्लोष झाला. पण जूनच्या निर्णयातली एक अट फारशी कुणी मनावर घेतली नाही. हिंदीऐवजी दुसरी भाषा हवी असेल, तर इयत्तेत तशी मागणी करणारी किमान 20 मुले हवीत. तेवढी असतील तर शिक्षक, नसतील तर ऑनलाइन. मराठवाड्यातल्या शाळांची गेल्या पन्नास वर्षांची कहाणी या एका अटीत सामावली आहे.

निजामी राजवटीतली उर्दूची सक्ती, 1948 साली त्या राजवटीचा शेवट, मग राज्य पुनर्रचना, हे सगळे वाचकांना ठाऊक आहे. मला बोलायचे आहे ते त्यानंतरच्या, नव्या अभ्यासक्रमाच्या काळाबद्दल, म्हणजे 1975 साली दहावीची पहिली परीक्षा झाली तेव्हापासूनच्या शाळेबद्दल. कागदावर ती शाळा अजिबात कोती नव्हती. भाषा, गणित, विज्ञान, इतिहास-भूगोल सक्तीचे. जोडीला चित्रकला, शारीरिक शिक्षण आणि कार्यानुभव. कार्यानुभवात बागकाम, शिवण, खडू तयार करणे यांतून निवड करायची. आठवीला पूर्ण हिंदी घ्यायची की हिंदी-संस्कृत, हा पर्याय. काही शाळांत टेक्निकल.

प्रत्यक्षात ही निवड मुलाने क्वचितच केली. ती आधीच होऊन गेलेली असे, शाळेत शिक्षक कोण आहेत यावरून. नांदेड किंवा लातूर शहरातल्या जुन्या अनुदानित शाळेत संस्कृतच्या बाई असत, ड्रॉइंगचे सर असत. मुखेड, किनवट, जळकोटकडच्या एखाद्या गावात ते नसत. तिथे वेळापत्रकात शनिवारी कार्यानुभवाचा तास असे आणि त्या तासाला मैदानावरचे दगड वेचणे चाले, नाहीतर गणिताचे सर राहिलेला धडा उरकून घेत. जिथे जाणता शिक्षक होता तिथे हाच तास वेगळा असे. खडूच्या साच्याला आतून तेलाचा हात फिरवायचा, प्लास्टर ऑफ पॅरिस भराभर कालवायचे, साचा ठोकून हवेचे बुडबुडे काढायचे. जरा रेंगाळले की मिश्रण घमेल्यातच दगड. घट्ट होताना ते गरम का होते, हा प्रश्न सातवीतल्या पोराला तिथे पडायचा, विज्ञानाच्या पुस्तकात नव्हे.

यावर एक उत्तर ठरलेले असते: मागणीच नव्हती. पालकांना इंग्रजी, गणित, विज्ञान हवे होते, मुलांनी बाकीचे विषय घेतले नाहीत, म्हणून ते बंद पडले. शिक्षण खात्यातली माणसे हे म्हणतात, संस्थाचालक म्हणतात, आणि दुःख याचे की भले शिक्षकही म्हणतात. हे उत्तर मला मुळीच मान्य नाही. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी परीक्षेचे उदाहरण घ्या. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती व अक्षरलेखन असे तिचे विषय. ज्या शाळेत ड्रॉइंगचे सर असत तिथून मुले रांगेने या परीक्षेला बसत. पाच कोसांवरच्या शाळेत सर नसत, तिथून कुणीच नाही. चित्र काढायची ओढ एका गावात असते आणि शेजारच्या गावात नसते, असे कोण म्हणेल? संस्कृतचेही तेच. जिथे शिकवायला माणूस होता तिथे हिंदी-संस्कृत घेणारी मुले होती. त्यांनी ते गुणांसाठी घेतले असे म्हणा हवे तर, पण घेतले. ज्याने तांब्या आणि दोन कांदे समोर मांडून छायाप्रकाश कसा उतरवतात हे एकदाही पाहिले नाही, तो बारा वर्षांचा मुलगा चित्रकला मागणार कसा? मागणी ही आधी कुणीतरी काही दाखवल्यावर जागी होते. न दाखवता मोजलेली मागणी म्हणजे शासनाने स्वतःच्या अनुपस्थितीची केलेली गणती आहे.

सगळेच विषय ऐच्छिक करा म्हणणाऱ्यांनी एकशिक्षकी शाळा पाहिलेली नसते. आणि सारा दोष परीक्षाकेंद्री लातूर पॅटर्नवर ढकलणेही चूक आहे. राजर्षी शाहू आणि दयानंद महाविद्यालयांनी ग्रामीण मुलांना मेडिकल-इंजिनिअरिंगचे दार उघडून दिले, हे ऋण नाकारता येणार नाही. लातूरच्या ट्युशन एरियातले फाउंडेशनचे वर्ग आज आठवीपर्यंत खाली उतरले, ते शाळेने जागा रिकामी ठेवली म्हणून.

म्हणून मला एकच फरक महत्त्वाचा वाटतो. विषय मुलावर सक्तीचा आहे का, हा एक प्रश्न. तो शिकवण्याची सोय करणे शाळेवर, म्हणजे अखेर शासनावर, सक्तीचे आहे का, हा दुसरा. आपण पन्नास वर्षे पहिल्यावरच भांडतो आहोत. मुलाला ऐच्छिक असलेला विषय शाळेलाही ऐच्छिक असेल, तर ती निवड नव्हे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानेही इथेच हात आखडला: सहावी ते आठवीत 100 पेक्षा अधिक मुले असतील, तरच कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षणाचे अंशकालीन निदेशक. तिथे शंभर, जूनच्या निर्णयात वीस. वाडी-तांड्यावरचे मूल दोन्हीकडे पटसंख्येत अडकते. 2020 च्या राष्ट्रीय धोरणाने सहावीपासून व्यवसाय शिक्षणाचे आश्वासन दिले आहे. ते द्यायला माणूस नेमला नाही, तर त्याचाही शनिवारचा तास होईल.

प्रत्येक शाळेत प्रत्येक विषयाचा शिक्षक मिळणार नाही, हे मान्य. पण एका केंद्रातल्या शाळांमध्ये मिळून चित्रकलेचा एक आणि हस्तव्यवसायाचा एक फिरता, पूर्णवेळ शिक्षक नेमता येतो, आणि तिथे पटाची अट लागू नये. नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतल्या शाळा व्यवस्थापन समित्यांच्या सदस्यांना माझी विनंती आहे: येत्या जूनच्या बैठकीत, मुलांनी काय निवडले हे विचारण्याआधी, शाळा काय शिकवायला बांधील आहे ते मुख्याध्यापकांना विचारा, आणि मिळेल ते उत्तर इतिवृत्तात लिहून घेऊन गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवा.