औषधाचा मालक

वडसा हे गाव सरकारदरबारी देसाईगंज म्हणून नोंदले गेले असले, तरी रेल्वे स्थानकाच्या फलकावर आणि लोकांच्या तोंडी ते वडसाच राहिले आहे. वैनगंगेच्या काठचे, धानाच्या गिरण्यांचे आणि झाडीपट्टीच्या नाटकमंडळ्यांचे हे गाव. येथील आमच्या लहानशा धर्मग्रामात गतवर्षी, पावसाळा सरता सरता, रविवारची मिस्सा आटोपल्यावर एक माता आपल्या चौदा वर्षांच्या मुलाला घेऊन मजपाशी आली. मुलगा सिकलसेलचा रुग्ण. तिच्या हाती वर्तमानपत्राचे घडी घालून जपलेले एक कात्रण होते. सिकलसेल समूळ बरा करणारे औषध अमेरिकेत निघाले असून त्याची किंमत बावीस लाख डॉलर आहे, असे त्यात छापले होते. डॉलरचे रुपये करून सांगा, असे ती म्हणाली नाही. तिने वेगळेच विचारले, "फादर, या औषधाचे मालक कोण जी?"

मी काहीतरी उत्तर दिले आणि ते समाधानकारक नव्हते. त्यानंतर हा प्रश्न माझ्या मनातून गेलेला नाही. औषधाचा शोधक कोण, ते बनविणारा कोण, विकणारा कोण, हे प्रश्न आपण विचारतो. मालक कोण, हा प्रश्न एका शेतमजूर स्त्रीलाच सुचावा, याचे कारण उघड आहे. दुसऱ्याच्या मालकीच्या बांधीत आयुष्यभर राबलेल्या माणसाला कुंपण आधी दिसते, पीक मागाहून.

या भागाबाहेरच्या वाचकांसाठी थोडा खुलासा आवश्यक आहे. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक विकार. हिमोग्लोबिन घडविणाऱ्या जनुकातील केवळ एक अक्षर बदललेले असते. पण एवढ्याने तांबड्या पेशी गोलाकार न राहता विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडांत, सांध्यांत, छातीत असह्य कळा सुरू होतात. आई आणि वडील दोघेही वाहक असले, तर प्रत्येक अपत्याला हा विकार होण्याची शक्यता चारात एक. वाहकाला स्वतःला सहसा त्रास होत नाही. उलट हिवतापापासून त्याला काहीसे संरक्षण मिळते. म्हणूनच हिवतापाच्या अरण्यप्रदेशांत हे जनुक टिकून राहिले. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा आणि तिकडे नंदुरबार येथील आदिवासी व दलित वस्त्यांना या नावाची ओळख करून द्यावी लागत नाही. सर्व देशाचे लक्ष मात्र तिकडे उशिरा गेले. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेचा आरंभ झाला तो १ जुलै २०२३ रोजी.

आता त्या कात्रणातील औषध. रुग्णाच्या रक्तातील मूळ पेशी काढून घ्यायच्या, प्रयोगशाळेत त्यांच्या जनुकात एक नेमका छेद द्यायचा आणि गर्भावस्थेत असते ते हिमोग्लोबिन पुन्हा निर्माण होईल अशी व्यवस्था करून त्या पेशी रुग्णाला परत द्यायच्या, असा हा उपचार आहे. त्याला ब्रिटनने नोव्हेंबर २०२३ मध्ये आणि अमेरिकेने डिसेंबर २०२३ मध्ये मान्यता दिली. छेद देणाऱ्या जैविक कात्रीचे नाव क्रिस्पर. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या जेनिफर डाउडना आणि फ्रेंच शास्त्रज्ञ इमॅन्युएल शार्पांतिए यांनी २०१२ मध्ये तिचे तत्त्व सिद्ध केले. २०२० चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक या दोघींना मिळाले. हार्वर्ड आणि एम.आय.टी. यांच्याशी संलग्न असलेल्या ब्रॉड संस्थेतील फेंग झांग यांनी तीच कात्री मानवी पेशींत चालवून दाखविली. मग पेटंट कोणाचे, यावरून दोन्ही पक्षांत जे युद्ध जुंपले ते वर्षानुवर्षे चालले. हा उपचार बाजारात आणणाऱ्या व्हर्टेक्स कंपनीने ब्रॉड व हार्वर्डच्या पेटंटांचा परवाना बाळगणाऱ्या दुसऱ्या एका कंपनीला डिसेंबर २०२३ मध्ये पाच कोटी डॉलर आगाऊ मोजले. तेव्हा त्या मातेला खरे उत्तर द्यायचे तर असे द्यावे लागले असते: बाई, मालक कंपनी आहे, आणि तिच्या पाठीमागे विद्यापीठे आहेत.

विद्यापीठे! ख्रिस्तसभेच्या छत्राखाली, मठांच्या आणि कॅथेड्रलांच्या शाळांतून जी संस्था मध्ययुगात उदयास आली, तिला आज ज्ञानाची मालकी सांगताना पाहून माझ्यासारख्या जुन्या सेमिनरीत घडलेल्या माणसाला क्षणभर धक्का बसतो. अमेरिकेत १९८० साली बे-डोल कायदा झाला आणि सरकारी पैशातून झालेल्या संशोधनाची पेटंटे विद्यापीठांना आपल्या नावावर घेता येऊ लागली. आपल्याकडे तसे विधेयक २००८ मध्ये राज्यसभेत आले होते. ते पुढे मागे घेण्यात आले. पण वारा तोच आहे. विद्यापीठांच्या राष्ट्रीय क्रमवारीत पेटंटांना गुण आहेत. शिक्षणसंस्थांसाठी पेटंटचे शुल्क २०२१ पासून ऐंशी टक्क्यांनी कमी झाले आहे. आता औषधांपासून अतिसूक्ष्म कणांच्या नवनव्या पदार्थांपर्यंत कशाकशाची पेटंटे मागितली जात आहेत, आणि त्यांतील किती खरोखर कोणाच्या उपयोगी पडतील, हे अर्ज करणाऱ्या प्राध्यापकांनाच विचारावे.

पेटंट म्हणजे पाप, असे मात्र मी म्हणणार नाही. मुळात तो एक करार आहे. शोधकाने आपली युक्ती समाजापुढे उघड करून लिहून द्यायची आणि त्या बदल्यात समाजाने वीस वर्षे ती वापरण्याचा एकाधिकार त्याला द्यायचा. वैदूचे गुपित त्याच्याबरोबर स्मशानात जाते. पेटंट घेतलेली विद्या निदान कागदावर राहते.

संत थॉमस अक्वायनस यांनी खाजगी मालमत्तेचा विचार करताना एक भेद केला आहे, तो येथे फार उपयोगी पडतो. वस्तू मिळविण्याची आणि तिची व्यवस्था पाहण्याची सत्ता एका माणसाकडे असणे रास्त आहे, असे ते म्हणतात. कारण जे सर्वांचे असते त्याची काळजी कोणीच घेत नाही. परंतु वापराच्या बाबतीत माणसाने ती वस्तू सामायिक समजली पाहिजे, म्हणजे गरजवंताला तिच्यात सहज वाटा मिळाला पाहिजे. पुढे तर ते असेही सांगतात की, प्राणांतिक गरजेच्या वेळी सर्व वस्तू सर्वांच्या होतात. तेराव्या शतकातील हा विचार धान्याच्या कोठाराविषयी होता. कोठारातले धान्य वाटले की कमी होते. ज्ञानाचे तसे नाही. वडशाच्या मुलावर उपचार झाले म्हणून बॉस्टनच्या मुलाची विद्या तिळभरही उणी होत नाही. मग ज्या भेदाने धान्याच्या मालकालाही मर्यादा घातली, तो ज्ञानाच्या मालकाला अधिकच कठोरपणे लागू नको का? पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९१ च्या आपल्या विश्वपत्रात ज्ञान व तंत्र हीही आता जमिनीसारखीच मालमत्ता झाली असल्याचे ओळखले होते. आणि पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी २००९ मध्ये, विशेषतः आरोग्याच्या क्षेत्रात, बौद्धिक संपदेच्या हक्काचा ताठर आग्रह धरणाऱ्या श्रीमंत देशांना दोष दिला होता.

आपल्या मराठी वाचकांना या संदर्भात हळदीचे प्रकरण आठवेल. मार्च १९९५ मध्ये अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला, जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट मिळाले. अर्जदार संशोधक भारतीय वंशाचेच होते. आजीने बोटावर हळद दाबली नसेल असे बालपण त्यांच्या वाट्याला आले असण्याची शक्यता कमीच! गोव्यातील माशेलचे सुपुत्र डॉ. रघुनाथ माशेलकर त्या वेळी भारतीय वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक होते. परिषदेने जुने ग्रंथ आणि १९५३ चा एक वैद्यकीय शोधनिबंध पुराव्यादाखल पुढे ठेवला आणि ऑगस्ट १९९७ मध्ये ते पेटंट फेटाळले गेले. आपण सर्वांनी आनंद मानला, तो योग्यच होता. पण हळदीचा खटला सोपा होता. जे आपलेच होते ते परत मिळाले. क्रिस्पर आपली आजी वापरत नव्हती. ते खरोखर दुसऱ्यांनी शोधले आहे, आणि प्रश्न तेथूनच अवघड होतो.

मग विद्यापीठाने करावे तरी काय? एक जुने उदाहरण आहे. इन्सुलिनचे शोधक बँटिंग, बेस्ट आणि कॉलिप यांनी जानेवारी १९२३ मध्ये आपले पेटंट टोरांटो विद्यापीठाला प्रत्येकी एका डॉलरला देऊन टाकले. पेटंट घेतले ते दुसऱ्या कोणी त्या औषधाभोवती कुंपण घालू नये म्हणून. म्हणजे कागद तोच, कायदा तोच. पण फाटक उघडे ठेवण्यासाठी त्याचा उपयोग झाला. आणि फार दूर कशाला जा? आमच्याच गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांतील साध्या स्त्रियांना नवजात बालकांची घरच्या घरी शुश्रूषा करण्यास शिकविले. तिसऱ्या वर्षी तेथील नवजातांचे मृत्यू तुलनेसाठी घेतलेल्या गावांपेक्षा साठ टक्क्यांहून अधिक घटले. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात ते सारे छापून झाले. ज्याला हवे त्याने घ्यावे! २०११ पासून आशा कार्यकर्तींच्या हातून ती पद्धत देशभर नेण्यात आली.

सेमिनरीत आमचे प्राध्यापक आम्हाला प्रतिपक्षाचा आक्षेप आधी मांडायला लावीत, आणि तोही असा की प्रतिपक्षाने मान डोलवावी. तेव्हा आक्षेप मांडतो. बालसंगोपनाची पद्धत शिकवता येते. जनुकाचा उपचार शिकवून भागत नाही. त्यासाठी प्रयोगशाळा, चाचण्या, अतिदक्षता कक्ष लागतो, आणि बुडण्याचा धोका पत्करून वर्षानुवर्षे पैसा गुंतविणारा कोणीतरी लागतो. वीस वर्षांचे अभय नसते तर हे औषध निघालेच नसते, आणि त्या मातेच्या हातात ते कात्रणही आले नसते. या आक्षेपात तथ्य आहे. मुंबईच्या आय.आय.टी.त विकसित झालेल्या कर्करोगावरील पेशी-उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये आपल्याकडे मान्यता मिळाली, त्याची किंमत अमेरिकेतील तशाच उपचाराच्या सुमारे एक दशांश. पण तो एक दशांशही रोजंदारीच्या घराला कित्येक लाखांचाच पडतो. स्वदेशी विद्यापीठ झाले म्हणून खर्च नाहीसा होत नाही.

तरीही आक्षेप पुरता उतरत नाही. त्यात वीस वर्षे हा आकडा जणू निर्जीव मानलेला आहे. कंपनीच्या ताळेबंदात वीस वर्षे ही गुंतवणूक वसूल होण्याची मुदत असते. सिकलसेलच्या रुग्णाच्या घरी वीस वर्षे म्हणजे कधी कधी सारे आयुष्य. म्हणून मला वाटते, विद्यापीठाच्या मालकीची कसोटी किंमत ही नसून प्रतीक्षा ही आहे: जो पैसे देऊ शकतो त्याच्याकडून जरूर घ्या, पण जो कधीच गिऱ्हाईक होणार नव्हता त्याला वीस वर्षे फाटकाबाहेर उभे ठेवून तुमचे काय वाचले? परवाना देतानाच गरीब देशांसाठी वेगळी अट घालणे विद्यापीठाच्या हाती असते. ती न घालणे हाही एक निर्णय आहे, आणि त्याची जबाबदारी कंपनीवर ढकलता येत नाही. आपल्या कायद्यातही सक्तीच्या परवान्याची तरतूद आहे; मार्च २०१२ मध्ये तिच्या आधारे कर्करोगाच्या एका औषधाचा महिन्याचा खर्च २,८०,००० रुपयांवरून ८,८०० वर आला होता.

अशा आशयाचे एक प्रवचन मी सप्टेंबरात दिले. बरे झाले असे दोघातिघांनी सांगितलेही. त्याच आठवड्यात त्या मुलाला कळा सुरू झाल्या आणि मी भेटीस गेलो, तेव्हा कळले की जवळजवळ दोन महिने त्याने गोळ्या घेतल्याच नव्हत्या.

या गोळ्या म्हणजे हायड्रॉक्सियुरिया. हे रसायन १८६९ मध्ये जर्मनीत प्रथम तयार झाले. १९९८ मध्ये अमेरिकेत सिकलसेलसाठी त्याला मान्यता मिळाली. त्यावर आज कोणाचे कुंपण नाही. एक कॅप्सूल काही रुपयांची. ती रोज घेतली तर कळांचे झटके कमी होतात, रक्त चढविण्याची वेळ कमी येते. अट एवढीच की अधूनमधून रक्त तपासून घ्यावे लागते, आणि त्यासाठी दवाखान्यात जाऊन दिवस मोडावा लागतो. जुलै-ऑगस्ट हे रोवण्याचे दिवस. मायची मजुरी त्याच दिवसांत. बाप आंध्राकडे कामाला गेलेला. मुलाला नेणार कोण? माझी मोटरसायकल दोन महिने धर्मगुरूनिवासाच्या पडवीत उभी होती.

तेव्हापासून पेटंटांविषयी बोलताना माझा आवाज थोडा खाली आला आहे. ज्या औषधाला मालकच नाही, त्याची जाहिरात कोणी करीत नाही, त्याच्यासाठी कोणी गावोगाव हिंडत नाही. लहान मुलांना सोईस्कर अशा मात्रेत ते बनवावे म्हणून भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेला औषध कंपन्यांकडून प्रस्ताव मागवावे लागले, तेही २०२४ साली! मालकीने अडवलेले आणि बेवारस पडलेले, अशी दोन औषधे एकाच मुलाच्या वाट्याला आली आहेत, आणि पहिल्याविषयी मी प्रवचन दिले.

नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्लीच्या शासकीय संशोधन संस्थेने सिकलसेलसाठी क्रिस्परवरच आधारलेला स्वदेशी उपचार जाहीर केला. भगवान बिरसा मुंडा यांच्या नावावरून त्याला 'बिरसा १०१' म्हटले आहे आणि तंत्रज्ञान पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे सोपविण्याचे ठरले आहे. ती बातमी मीच त्या घरी वाचून दाखविली. चाचण्या व्हायच्या आहेत, वेळ लागेल, हेही सांगितले. मुलगा कान देऊन ऐकत होता. मायने मात्र भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे पाहिले. रक्त तपासणीच्या तारखेभोवती त्यावर पेन्सिलीने गोल केला होता.

"ते येईल तेव्हा येईल जी," ती म्हणाली, "सोमवारी तुम्ही किती वाजता निघता ते सांगा."

मी सात म्हणालो. सातला रस्त्यावर धुके असते. मग आठ ठरले.