मदतीचा हिशेब

अमरावतीत नोव्हेंबर २०२१ मध्ये आणि अकोल्यात मे २०२३ मध्ये दंगल उसळली, संचारबंदी लागली. अशा वेळी जळालेल्या दुकानांचा पंचनामा होतो. बंद दाराआड तो कल्लोळ ऐकणाऱ्या मुलांच्या मनाचा पंचनामा कोण करणार? या मुलांसाठी आणि घरातली मारहाण पाहत वाढणाऱ्यांसाठी समुपदेशन, शिबिरे, आश्रयगृहे असे उपक्रम चालतात. त्यांची परीक्षा घ्यावी काय? ‘सेवेचा कसला हिशेब मागता?’ असे पुष्कळ सज्जन विचारतात. मला ते पटत नाही.

सद्हेतू हा परिणामाचा पुरावा नव्हे. आघातानंतर लगेच माणसाला एकदा समोर बसवून घडलेले सारे वदवून घेण्याची पद्धत अनेक देशांत मोठ्या विश्वासाने वापरली गेली. पुढे चाचण्यांत तिचा अपेक्षित लाभ दिसला नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही ती वापरू नये असा सल्ला दिला. करुणा खरी होती, उपाय खरा नव्हता. ताडून पाहिले म्हणूनच हे उमगले.

परंतु मोजावे काय? शिबिराला मुले किती आली, हा आयोजकांचा हिशेब झाला. मूल शांत झोपते का, शाळेत टिकते का, भय वाटल्यास धाव घ्यावी असे एक तरी वडीलधारे माणूस त्याला आहे का, हा मुलाचा हिशेब होय. तो आरंभी मांडावा आणि काही महिन्यांनी पुन्हा तपासावा. काळही जखमा भरून काढतो. म्हणून मदत न मिळालेल्या मुलांशी तुलना केल्यावाचून श्रेय कोणाचे ते ठरत नाही. त्यासाठी कोणाला मुद्दाम वंचित ठेवणे हा अन्यायच. मात्र जागा अपुऱ्या असतील, तर प्रतीक्षेतल्या मुलांचीही विचारपूस करता येते.

आणखी एक मर्यादा आहे. लैंगिक अत्याचारांपासून बालकांचे संरक्षण करणाऱ्या २०१२ च्या कायद्याने न्यायालयालाही बजावले आहे की, मुलाला साक्षीसाठी वारंवार बोलावू नये. मग केवळ अहवाल भरण्यासाठी त्याला तीच कथा पुन्हा सांगावयास लावण्याचा अधिकार आपणांस कोणी दिला? शिक्षकांना विचारावे, आईला विचारावे, मुलाचे खेळणे पाहावे. त्याचे मौन फोडू नये.

वाचकहो, अशा कार्यास देणगी देताना दोन प्रश्न अवश्य विचारा : मुलांमध्ये कोणता पालट झाला? आणि तो तुम्ही मुलांना न दुखविता कसा जाणला? हे प्रश्न अविश्वासाचे नव्हेत. ज्याला स्वतःसाठी हिशेब मागता येत नाही, त्याच्या वतीने तो मागणे हाही सेवेचाच भाग आहे.