ग्रुपात नसलेल्यांचं काय?

व्हॉट्सॲप सर्वांच्या उपयोगाचं आहे का, असं अकोल्याच्या बाजार समितीत विचारलं तर विचारणाराच वेडा ठरेल. अकोट-दर्यापूरकडचा शेतकरी आता गाडी भरण्याआधी मोबाइलवर भावाचा ग्रुप पाहतो. खेडा खरेदीला दारात आलेला व्यापारी कापसाचा जो भाव सांगेल तो मुकाट घ्यायचा, हे दिवस बरेचसे सरले. बोंडात गुलाबी अळी दिसली की फोटो जातो. ज्याला लिहिता येत नाही तो बोलून निरोप धाडतो, आणि ही सोय मला सगळ्यात मोलाची वाटते.

मात्र भावाचा ग्रुप नीट चालतो त्याचं श्रेय ॲपला कमी, बाजाराला जास्त. खोटा भाव टाकणारा दुसऱ्या दिवशी लिलावात उघडा पडतो. दूरच्या बातमीची अशी खातरजमा कोण करणार? ऑक्टोबर 2021 मध्ये त्रिपुरात हिंसाचार झाला. त्याबद्दलच्या खऱ्याखोट्या गोष्टी मोबाइलवरून देशभर फिरल्या. 12 नोव्हेंबरला अमरावतीत मोर्चा निघाला, दगडफेक झाली; 13 तारखेच्या बंदमध्ये जाळपोळ. मग संचारबंदी आणि इंटरनेट बंद. मे 2023 मध्ये अकोल्याच्या जुन्या शहरात एका इन्स्टाग्राम पोस्टवरून दंगल पेटली, त्यात एकाचा जीव गेला. त्याआधी 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अफवेतून पाच भिक्षेकऱ्यांना जमावानं ठार मारलं होतं. त्याच महिन्यात व्हॉट्सॲप कंपनीनं भारतात एका वेळी पाचच ठिकाणी निरोप पुढे पाठवण्याची मर्यादा घातली. तेव्हा एका ग्रुपात 256 माणसं मावत. पाच ग्रुप म्हणजे बाराशेवर लोक; अफवेला एवढे पुरतात.

इंटरनेट बंद होतं तेव्हा हिशेब स्पष्ट दिसतो. ज्या भाजीवालीनं जन्मात कधी मेसेज वाचला नाही, तिचाही धंदा संचारबंदीत बसतो. फायदा ग्रुपातल्यांना, भुर्दंड साऱ्या शहराला. कोणी म्हणेल, दंगली मोबाइलच्या आधीही होत होत्या. होत होत्याच; पण दूरच्या मुलखातला राग इतक्या लवकर आपल्या चौकात येत नव्हता.

दुसरा हिशेब शांतपणे चालतो, म्हणून तो कोणी मांडत नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 57 टक्के पुरुषांनी कधी ना कधी इंटरनेट वापरलं होतं, बायकांत हे प्रमाण 33 टक्के. आज आकडे वाढले असतील, पण घरातला मोबाइल बहुधा नवऱ्याच्या किंवा पोराच्याच खिशात असतो. मेळघाटात धारणी-चिखलदऱ्याकडच्या कित्येक गावांत रेंजसाठी टेकडीवर चढावं लागतं. अशा ठिकाणी रेशन आल्याचा किंवा लसीकरणाचा निरोप फक्त ग्रुपवर पडला, तर सोयीचं साधन वगळण्याचं साधन होतं. वगळलेल्याला आपण वगळलो गेलो हेसुद्धा कळत नाही. आणि साहेब म्हणायला मोकळे, ‘ग्रुपवर टाकलं होतं की!’

मला व्हॉट्सॲपचं वावडं नाही. भावासाठी, अळीसाठी, पुण्यात शिकणाऱ्या पोराशी बोलण्यासाठी ते खुशाल असावं. हरकत आहे ती सरकारी कामात त्यालाच एकमेव दार करण्याला. ग्रामसभेची नोटीस ग्रुपवर टाकून मोकळं होणाऱ्या ग्रामपंचायत अधिकाऱ्यानं ती फलकावरही लावावी, आणि मेळघाटात वाचणारे कमी असतील त्या वस्तीत, कोरकू बोलणारा माणूस सोबत घेऊन, दवंडी द्यावी.