मोतीबिंदू आणि आपली सोशिकता

दुःख मुकाट्याने सोसणे हा आपल्याकडे मोठा गुण मानला जातो. वृद्धांचा तर तो अलंकारच! ‘आजी कधी कशाची तक्रार करीत नाहीत,’ असे आपण कौतुकाने सांगतो. परंतु ज्या दुःखावर उपाय आहे ते सोसण्याला सद्गुण म्हणावे काय? आणि ते सोसू देणाऱ्या कुटुंबाला काय म्हणावे?

मोतीबिंदू दुखत नाही, खुपत नाही. डोळ्यातील पारदर्शक भिंग वयोमानाने गढूळ होत जाते, तेही इतके सावकाश की, माणसाला आपले डोळे नव्हे, घरातला दिवाच मिणमिणता झाल्यासारखे वाटते. चष्म्याचा नंबर वारंवार बदलणे, समोरच्या वाहनाच्या प्रकाशाने डोळे दिपणे, दिव्याभोवती वलय दिसणे, रंग फिकट व पिवळट भासणे ही त्याची आरंभीची लक्षणे होत. कधी जवळचे वाचन काही काळ चष्म्यावाचून जमू लागते आणि दृष्टी सुधारली म्हणून घरात आनंद होतो. तेही याच विकाराचे चिन्ह असू शकते.

भोकरदनपासून मंठ्यापर्यंत जालना जिल्ह्यात कित्येकांचे आयुष्य कापसाच्या रानात आणि मोसंबीच्या बागेत, उन्हातच सरते. प्रखर ऊन, तंबाखू व मधुमेह यांमुळे मोतीबिंदूचा धोका वाढतो. पण ज्याने हयातभर कष्ट केले, त्याला ‘मला दिसत नाही’ हे सांगणे म्हणजे ‘माझा आता उपयोग नाही’ अशी कबुली वाटते. म्हणून तो गप्प राहतो. आजी सुईत दोरा नातीकडून ओवून घेते, तांदळाचे सूप सुनेकडे सरकवते. आपणही ‘वय झाले, चालायचेच’ म्हणून मोकळे होतो. त्यांचे मौन आपल्या सोयीचे असते.

इसहाकाची दृष्टी मंदावली होती आणि हे घरात सर्वांना ठाऊक होते. त्याच्याच पत्नीने व धाकट्या मुलाने त्याचा लाभ उठवला. अंध तोबीत तर घरी आलेल्या करडावरून निरपराध पत्नीवर चोरीचा संशय घेतो. म्हातारपणीच्या चिडचिडीमागे कधी कधी न दिसणारे जगच असते! त्याच ग्रंथात पुत्र तोबिया पित्याच्या डोळ्यांवरील पांढरे पडदे दूर करतो. आणि यरीहोच्या वाटेवर बार्तीमयाला गप्प बसवणारी गर्दी होती. त्याला काय हवे आहे, हे विचारणारा मात्र एकच होता.

‘बिंदू पिकू द्या’ हा सल्ला अजूनही ऐकू येतो. जुन्या शस्त्रक्रियेच्या काळात त्याला अर्थ होता. १९४९ साली लंडनमध्ये हॅरोल्ड रिडली यांनी डोळ्यात कृत्रिम भिंग बसवले, तेथून चित्र पालटत गेले. आज रोजच्या व्यवहारात अडथळा येऊ लागला, की शस्त्रक्रियेचा विचार करता येतो. फार पिकलेला बिंदू काढणे उलट अवघड होते. कोणत्याही थेंबांनी तो विरघळत नाही. उपचारही आपल्या दाराशी आले आहेत. जालन्यातच १९९२ पासून श्री गणपती नेत्रालय आहे.

मग वडीलधाऱ्यांवर सक्ती करावी काय? मुळीच नाही. नकार देण्याचा त्यांना अधिकार आहे. मात्र त्या नकारामागे भीती आहे, खर्चाची चिंता आहे, की ‘मुलांना ओझे नको’ ही माया आहे, हे जवळ बसून विचारणे आपले कर्तव्य आहे. अंधुक उजेडात पाय चुकून हाड मोडले, तर ते ओझे अधिक जड होते.

सोशिकतेचेही स्थान आहेच. काचबिंदूने गेलेली दृष्टी परत येत नाही. ते दुःख श्रद्धेने स्वीकारणे हा खरा सद्गुण होय. पण दृष्टी मोतीबिंदूने मंदावली, काचबिंदूने की मधुमेहाने, हे तपासणीवाचून कळणार कसे? उपाय आहे की नाही हे जाणून न घेता पत्करलेली सहनशीलता ही सहनशीलता नव्हे, ती केवळ हेळसांड आहे.

एक डोळा चांगला असला की दुसऱ्याचा दोष झाकला जातो. तेव्हा येत्या रविवारी मिस्साहून परतल्यावर आजोबांना एकेक डोळा तळहाताने झाकून भिंतीवरचे कॅलेंडर वाचायला सांगावे. अक्षरे अडखळली, तर डॉक्टरांकडे जाण्याचा दिवस त्याच कॅलेंडरावर नक्की करावा.