सेवेची पात्रता

प्रसूतिसेवेसाठी परदेशातील एखाद्या साधनहीन रुग्णालयात स्वेच्छेने जाणाऱ्या व्यक्तीच्या हेतूविषयी सहसा कोणी शंका घेत नाही. परंतु हेतू शुद्ध असला म्हणजे सेवाही शुद्ध ठरते काय, हा धर्मविचारातला जुना आणि अवघड प्रश्न आहे. भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दानाची लक्षणे सांगताना परतफेडीची अपेक्षा नसणे एवढेच पुरेसे मानलेले नाही, तर देश, काल आणि पात्र, म्हणजे उचित स्थळ, उचित वेळ आणि योग्य व्यक्ती, यांचाही विचार आवश्यक ठरवला आहे. परंपरेने पात्रतेची ही कसोटी दान घेणाऱ्याला लावली. धान्याच्या बाबतीत ते ठीक आहे, कारण ते कोणीही दिले तरी भूक भागते. मात्र जिथे द्यायची गोष्ट स्वतःच्या हातांचे कसब असते, तिथे पात्रता प्रथम देणाऱ्याची तपासावी लागते.

शुद्ध हेतू आणि अपाय एकाच हातात नांदू शकतात, याची साक्ष वैद्यकाच्या इतिहासात आहे. व्हिएन्नाच्या मोठ्या रुग्णालयात दोन प्रसूतिविभाग होते. एकात वैद्यकाचे विद्यार्थी शिकत आणि दुसऱ्यात सुइणी, आणि सूतिकाज्वराने, म्हणजे बाळंतपणात जंतुसंसर्ग होऊन येणाऱ्या तापाने, होणारे मृत्यू पहिल्या विभागात कितीतरी अधिक होते. विद्यार्थी शवविच्छेदन करून थेट बाळंतिणींची आतून तपासणी करतात हे तिथले डॉक्टर इग्नाझ सेमेलवाइस यांनी हेरले आणि १८४७ साली क्लोरिनयुक्त चुन्याच्या द्रावणाने हात धुणे सक्तीचे करताच मृत्यू झपाट्याने घटले. त्या विद्यार्थ्यांपैकी कोणाच्याही मनात पाप नव्हते. तरीही त्या मातांच्या मरणाला त्यांचेच हात कारण झाले होते. आजही शिकाऊ स्वयंसेवकाने केवळ अनुभवासाठी कळा देणाऱ्या स्त्रीची वारंवार आतून तपासणी केली, तर संसर्गाचा धोका तिचा वाढतो आणि ज्ञान त्याचे वाढते. अशा वेळी ती स्त्री सेवेचे साध्य न राहता दुसऱ्याच्या शिक्षणाचे साधन बनते.

यावर असा आक्षेप घेता येईल की, जिथे मुळात कोणीच नाही तिथे अर्धवट जाणणारे हातही बरे. धर्मशास्त्रातील आपद्धर्माची कल्पना, म्हणजे संकटकाळी नियम शिथिल करण्याची मुभा, या आक्षेपाला बळ देते. परंतु आपद्धर्म अकस्मात ओढवलेल्या आणि दुसरा उपाय नसलेल्या प्रसंगासाठी असतो. महिनोन्‌महिने आधी प्रवास ठरवून जाणाऱ्याला तयारीसाठी अवधी मिळालेला असतो, त्यामुळे स्वदेशात ज्या कामाची त्याला परवानगी नाही ते काम परक्या देशातील गरीब स्त्रीवर करण्यास आपद्धर्माचा आधार घेता येत नाही.

याच्या उलट बाजूचे उदाहरण इथिओपियात सापडते. कॅथरीन आणि रेजिनाल्ड हॅमलिन हे स्त्रीरोगतज्ज्ञ दांपत्य ख्रिस्ती श्रद्धेच्या प्रेरणेने १९५९ मध्ये ऑस्ट्रेलियाहून अदिस अबाबा येथे सुइणींचे प्रशिक्षण सुरू करण्यासाठी गेले आणि तिथेच राहिले. अडलेल्या बाळंतपणात बाळाच्या डोक्याचा दाब दिवसदिवस पडून मूत्राशय व योनी यांमधल्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो, तो भाग मरतो आणि तिथे छिद्र पडून लघवी अखंड झिरपत राहते; या विकाराला फिस्टुला म्हणतात, आणि त्यामुळे अनेक स्त्रिया नवऱ्याला व गावाला नकोशा होतात. अशा स्त्रियांसाठी या दांपत्याने १९७४ मध्ये स्वतंत्र रुग्णालय उभारले. या दांपत्याकडे बऱ्या होण्यासाठी आलेल्या ममितू गाशे पुढे स्वतः या शस्त्रक्रियेत निष्णात झाल्या. आणि मुळात बाळंतपण अडू नये, अडले तर वेळीच ओळखले जावे, यासाठी २००७ मध्ये सुइणींचे महाविद्यालय सुरू झाले.

इथे सेवा देणारे तज्ज्ञ होते, दीर्घकाळ थांबणारे होते आणि आपले कसब त्या भूमीतल्या स्त्रियांच्या हाती सोपवणारे होते. देश, काल आणि पात्र या तिन्ही कसोट्या त्यांनी प्रथम स्वतःला लावून घेतल्या, असे म्हणता येईल. ज्याच्यापाशी असे कसब वा सवड नाही, त्याने स्थानिक सुईण शिकावी, तिला वेतन मिळावे आणि तिच्या खोलीत स्वच्छ पाणी व औषधे असावीत यासाठी घरी राहून द्रव्य दिले, तर त्याचे दान कमी प्रतीचे ठरत नाही. सेवेचे फळ बाळंतिणीच्या आणि तिच्या बाळाच्या जिवावर मोजायचे असते, आणि करुणा खरी असेल तर हे माप सेवकाने आपल्या समाधानाच्याही वर ठेवले पाहिजे.